धडधड असू द्या

२२ ऑगस्ट २००४. अथेन्सजवळच्या मार्कोपुलोच्या रेंजवर पुरुषांच्या पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी संपत आली होती. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स तीन गुणांनी पुढं होता आणि एकच गोळी उरली होती. या पातळीवर तीन गुणांची आघाडी म्हणजे पदक गळ्यात पडल्यातच जमा. साधा आठ लागला असता तरी भागलं असतं. एमन्सनं नेम धरला, ट्रिगर दाबला, गोळी काळ्या वर्तुळात गेली. पण त्याच्या पडद्यावर काहीच उमटेना. मशीन बिघडलं असावं असं त्याला वाटलं. पंच आले, बघाबघी झाली आणि उलगडा झाला : गोळी शेजारच्या लेनमधल्या ऑस्ट्रियन नेमबाजाच्या टार्गेटवर लागली होती. शून्य गुण. पहिला होता तो आठवा झाला.

हे कसं झालं, ते एमन्सनं नंतर स्वतःच सांगितलं. प्रत्येक गोळीआधी तो दुर्बिणीतून आधी टार्गेटवरचा लेनचा आकडा बघायचा आणि मग नजर खाली काळ्या वर्तुळावर आणायचा. त्या एका गोळीला आकडा बघायचा राहिला, कारण सगळं लक्ष स्वतःला शांत करण्यात गुंतलं होतं.

चार वर्षांनी बीजिंगमध्ये हाच खेळाडू, याच प्रकारात, पुन्हा शेवटच्या गोळीपर्यंत पुढं होता. या वेळी आघाडी ३.३ गुणांची. नेम अजून वर्तुळात उतरत होता तेवढ्यात बोट ट्रिगरला लागलं आणि गोळी सुटली. ४.४ गुण. चौथा क्रमांक. (अथेन्सच्या त्या रात्री त्याचं सांत्वन करायला आलेली चेक नेमबाज कातेर्झिना कुर्कोवा पुढं त्याची बायको झाली. तेव्हा त्या गोळीनं त्याचं अगदीच नुकसान केलं असंही म्हणता येत नाही.) एमन्स काही कच्चा गडी नव्हता. अथेन्समध्येच प्रोन (पालथं पडून) प्रकाराचं सुवर्ण त्यानं जिंकलेलं होतं, बीजिंगमध्ये त्याच प्रकाराचं रौप्य.

खेळाडूच्या मेंदूच्या सरावाबद्दल लिहायचं तर एमन्सच्या त्या पहिल्या गोळीपासून सुरुवात केलेली बरी. कारण आपल्याकडं ‘डोकं शांत ठेव’ हा सल्ला इतका फुकट मिळतो की तो सल्ला आहे की धोका, हे कुणी तपासत नाही. जिल्हा पातळीवरच्या कुठल्याही स्पर्धेत रेंजच्या दोरीमागं उभे असलेले पालक, काका, मामा, शाळेचे सर हेच ओरडत असतात. पोरगं बिचारं मान डोलावतं आणि मग नेम धरण्याऐवजी आपण शांत झालो का, हे तपासत बसतं.

आधी या खेळात मेंदूवर नेमकं काय येऊन पडतं ते बघू. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तो ठिपक्याला चाटून गेला तरी दहा मिळतात, एवढीच काय ती दया. ढोबळ हिशेब केला तर नळीचं टोक पाव मिलिमीटरहून थोडं जास्त हललं की दहा हुकला. आणि रायफल धरणारा माणूस तर जिवंत आहे. त्याचा श्वास चालू आहे, पायांचा तोल क्षणाक्षणाला सावरला जातोय, छातीतला प्रत्येक ठोका जाड कॅनव्हासच्या जॅकेटमधून नळीपर्यंत पोचतोय. जगातल्या कुठल्याही नेमबाजाची रायफल स्थिर नसते. ती हलतच असते. पट्टीचा नेमबाज ते हलणं लहान आणि ओळखीचं करून ठेवतो आणि त्या हलण्यातच गोळी सोडतो.

छातीची धडधड औषधानं कमी करता येते. बीटा ब्लॉकर गटातली औषधं ठोके कमी करतात, हाताची थरथर थांबवतात, म्हणूनच नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूनं पिस्तुलाच्या दोन प्रकारांत रौप्य आणि कांस्य मिळवलं होतं. चाचणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं गेली. म्हणजे शांतता बाहेरून आणायची सोय नाही. जे काही करायचं ते डोक्यातच.

डोक्यात काय चालतं, ते बघायला शास्त्रज्ञांनी नेमबाजांनाच निवडलं याचं कारण अगदी व्यवहारी आहे. मेंदूच्या लहरी मोजायच्या तर टाळूवर इलेक्ट्रोड लावावे लागतात आणि माणूस हलला की नोंद बिघडते. कबड्डीपटूवर हा प्रयोग होणे नाही. नेमबाज मात्र कित्येक सेकंद पुतळ्यासारखा उभा असतो. १९८४ मध्ये अमेरिकेत ब्रॅड हॅटफील्ड, डॅनियल लँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्णात रायफल नेमबाजांच्या अशा नोंदी घेतल्या. गोळी सुटण्याआधीच्या काही सेकंदांत डाव्या कानशिलाजवळच्या भागात अल्फा लहरी वाढत गेलेल्या दिसल्या. अल्फा वाढणं म्हणजे तो भाग कामातून थोडा बाजूला होणं, असा त्याचा अर्थ लावतात. भाषा, शब्द, स्वतःशी चाललेली बडबड यांचा संबंध बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या बाजूशी असतो. थोडक्यात, गोळी सुटायच्या आधी आतला समालोचक गप्प होत होता. उजवी बाजू, जिच्याकडं जागा, अंतर, दिशा यांचं काम जास्त असतं, ती तशी गप्प होत नव्हती.

हे आपोआप होतं की शिकवता येतं? १९९१ मध्ये लँडर्स आणि मंडळींनी उमेदीच्या तिरंदाजांवर याचाच प्रयोग केला. स्वतःच्या मेंदूची लहर पडद्यावर बघत ती हवी तशी वळवायला शिकायचं, हे न्यूरोफीडबॅकचं तंत्र. एका गटाला डावी बाजू निवांत करायला शिकवलं, दुसऱ्याला मुद्दाम उजवी आणि तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाचे बाण सुधारले. दुसऱ्या गटाचे बिघडले. मला या प्रयोगात दुसरा गट जास्त महत्त्वाचा वाटतो. मेंदू शिकतो हे खरंच. पण चुकीचं शिकवलं तर तेही तो तितक्याच इमानदारीनं शिकतो. गट लहान होते आणि नंतरच्या अशा प्रयोगांचे निकाल कधी इकडं तर कधी तिकडं गेलेत. अल्फा लहर म्हणजे सुवर्णपदकाचं बटण, असं कुणी सांगितलं तर पाकीट खिशातच ठेवावं.

दबावाखाली चांगला खेळाडू का फसतो, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ सिअन बायलॉक यांच्या कामात बरंचसं सापडतं. २००२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंना खांबांमधून चेंडू नागमोडी न्यायला लावला. पायाच्या कुठल्या भागाला चेंडू लागतोय, याकडं लक्ष द्या असं सांगितलं. मुरलेल्या खेळाडूंचा उजवा पाय यामुळं मंदावला. त्याच खेळाडूंचा डावा, कच्चा पाय मात्र लक्ष दिल्यावर सुधारला. एकाच माणसाचे दोन पाय आणि दोघांना लागू पडणारा सल्ला उलटा! शिकताना प्रत्येक हालचालीकडं बारकाईनं बघावं लागतं. ती अंगवळणी पडली की मेंदू ते काम खालच्या खात्याकडं सोपवतो. पदक समोर दिसलं की वरचा साहेब घाबरून पुन्हा त्या कामात हात घालतो आणि तिथंच घोटाळा होतो.

म्हणून ‘विचार करू नकोस’ हा सल्लाही सरसकट देण्याजोगा नाही. सहा महिन्यांपूर्वी रायफल हातात घेतलेल्या मुलीनं विचार केलाच पाहिजे. तिच्या डोक्यातला समालोचक हा अजून तिचा मास्तर आहे. त्याला गप्प करायचं तर त्याच्याजागी काम करणारं दुसरं कुणीतरी तयार हवं आणि ते तयार होतं ते हजारो वेळा तीच पोझिशन घेऊन, तोच श्वास सोडून, रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबून. ड्राय फायरिंग म्हणतात ते हेच. घरातल्या भिंतीवर ठिपका चिकटवून, गोळीशिवाय, तासन् तास. बघायला यापेक्षा कंटाळवाणं काही नाही. पण मेंदूच्या सरावाचा नव्वद टक्के भाग मला तरी यातच दिसतो.

नजरेचंही असंच. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर काम करताना दाखवलं की, चांगले खेळाडू चेंडू सोडण्याआधी नजर एका जागी लवकर रोवतात आणि जास्त वेळ ठेवतात. या ‘शांत नजरे’चा सराव पुढं उडत्या टार्गेटवर नेम धरणाऱ्या स्कीट नेमबाजांना दिला गेला आणि त्यांचे निकाल सुधारले. हे ऐकलं की आपल्याकडच्या वक्त्यांना लगेच अर्जुन आणि पक्ष्याचा डोळा आठवतो. सत्कार समारंभातून ती गोष्ट काही दिवस बंद ठेवावी अशी माझी नम्र सूचना आहे. पिस्तूल नेमबाज टार्गेटकडं बघत नाही. तो नळीच्या टोकावरची पुढची साईट स्पष्ट ठेवतो आणि मागं टार्गेट धूसर राहू देतो. ‘मला फक्त डोळा दिसतो’ असं उत्तर पिस्तुलाच्या कोचला दिलं तर अर्जुनाला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवतील.

आता अभिनव बिंद्रा. ११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा हा माणूस मेंदूच्या बाबतीत जवळजवळ प्रयोगशाळाच झाला होता. अथेन्समध्ये तो अंतिम फेरीत सातवा आला होता आणि आपल्या पायाखालची फरशी सैल होती, हे त्याला नंतर कळलं. दुसरा कुणी नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. यानं पुढची चार वर्षं जे जे बिघडू शकतं त्याची तयारी केली. डोक्याला इलेक्ट्रोड लावून न्यूरोफीडबॅक केलं. बीजिंगच्या भव्य हॉलमध्ये बुजायला नको म्हणून लग्नाचा हॉल भाड्यानं घेऊन तिथं नेमबाजी केली. एकाग्रता वाढते असं कुणी सांगितलं म्हणून याकचं दूधही पिऊन पाहिलं. ऑलिंपिकच्या तोंडावर जर्मनीत कमांडो पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं. त्यात चाळीस फुटी खांबावर चढून माथ्यावरच्या पिझ्झाच्या खोक्याएवढ्या फळीवर उभं राहायचं होतं. अर्ध्यावर भीतीनं पाय लटपटत होते, असं त्यानंच सांगितलंय.

या यादीतल्या याकच्या दुधानं काय साधलं असेल, ते त्या याकलाच ठाऊक. पण खांब आणि लग्नाचा हॉल यांच्यात एक धागा आहे. दोन्हींत भीती घालवायचा प्रयत्न नाही. भीती अंगात असतानाच पुढची पायरी चढायची, हा सराव आहे. त्याचा उपयोग लगेच झाला. बिंद्रानं पुढं सांगितल्याप्रमाणं, अंतिम फेरीआधीच्या सरावाच्या गोळीत छर्रा दहाऐवजी चाराच्या आसपास गेला. रायफलची साईट हललेली होती. काही मिनिटांत ती पुन्हा लावून तो उभा राहिला. पात्रता फेरीत ५९६ गुणांसह तो चौथा होता. शेवटच्या गोळीला तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन अगदी बरोबरीत होते. हॅकिनेनला ९.७ लागले, बिंद्राला १०.८. म्हणजे केंद्रापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आत. एकूण ७००.५. गतविजेता चीनचा झू चिनान ६९९.७ वर राहिला.

बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती, परदेशी प्रशिक्षक होते, हे सांगितलंच पाहिजे. इलेक्ट्रोड लावून घेणं काही प्रत्येकाच्या ऐपतीतलं नाही. महाराष्ट्रात हे काम कुठल्याही यंत्राशिवाय वर्षानुवर्षं करणारा माणूस नाशकात होता. भीष्मराज बाम. भारतीय पोलीस सेवेतले निवृत्त अधिकारी, नेमबाजीचे जाणकार आणि खेळाडूंचे मानसशास्त्रीय सल्लागार. अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत अनेकांनी त्यांचा सल्ला घेतला. २०१७ मध्ये ते गेले. त्यांची हत्यारं योगाची होती : श्वास, धारणा, डोळे मिटून पुढची स्पर्धा मनात खेळून बघणं. पोलिसातल्या माणसाला दबाव पुस्तकातून शिकावा लागत नाही, ही त्यांची वेगळी शिदोरी. ज्या काळात आपल्या क्रीडा संघटनांना मानसशास्त्रज्ञ म्हणजे ‘वेड्यांचा डॉक्टर’ वाटायचा, त्या काळात त्यांनी मराठी मुलामुलींशी मराठीत हा विषय बोलायला सुरुवात केली. त्याचं मोल पुरेसं झालं असं मला वाटत नाही.

बाजाराबद्दल दोन शब्द, कारण तो जोरात आहे. लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या अमेरिकन ॲपनं आपल्या खेळांमुळं शाळेत, कामावर आणि मैदानावरही कामगिरी सुधारते अशी जाहिरात केली होती. पुरावा नाही म्हणून २०१६ मध्ये तिथल्या ग्राहक यंत्रणेकडं कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले. मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणारे हेडफोन निघाले, नामांकित खेळाडूंनी ते डोक्यावर चढवले. पण त्या तंत्राचे निकाल अजून एकमेकांशी भांडतायत. पडद्यावरचे रंगीत ठिपके पकडण्यात माणूस तरबेज झाला तर तो रंगीत ठिपके पकडण्यात तरबेज होतो. त्यापलीकडं ते कौशल्य मैदानावर उतरतं का, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

याउलट, फुकटातली एक गोष्ट पक्क्या प्रयोगातून पुढं आलेली आहे. २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा यांनी सोळा जणांना नव्वद मिनिटं डोकं शिणवणारं संगणकावरचं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. दुसऱ्या एका दिवशी त्याच लोकांना तेवढाच वेळ आगगाडी आणि फेरारी मोटारींवरचे माहितीपट दाखवले. माहितीपट पाहून ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर ६४०. हृदय, स्नायू यांच्या मोजमापात फरक नव्हता. फक्त तेवढाच भार त्यांना जास्त कठीण वाटत होता. स्पर्धेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बोटं फिरवणाऱ्या खेळाडूच्या आईबापांनी हे कात्रण फ्रीजवर लावायला हरकत नाही.

आणखी एक प्रयोग गमतीचा. म्युनिकच्या युर्गन बेकमन यांनी उजव्या हाताच्या खेळाडूंना दबावाच्या प्रसंगाआधी डाव्या हातात मऊ चेंडू दाबायला सांगितला. फुटबॉलची पेनल्टी, बॅडमिंटनची सर्व्हिस, तायक्वांदोची लाथ या तिन्हींत दबावाखालची घसरण टळली. डावा हात उजव्या मेंदूच्या ताब्यात, म्हणून डावीकडची बडबड मागं पडत असावी, असा त्यांचा तर्क. तर्क चुकीचाही ठरेल; पण एका स्पंजच्या चेंडूच्या किमतीत करून बघायला काय जातं?

प्रयोगांतून आता आपल्याकडच्या रेंजवर परत येऊ. कोल्हापूर जिल्ह्यानं नेमबाजीत जे दिलंय ते कुस्तीच्या आवाजात थोडं दबून जातं. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनला पंचवीस मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं, २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. २०२४ पर्यंत मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. धोनीही कधीकाळी तेच काम करायचा, म्हणून स्वप्निलला त्याचं विशेष वेड.

स्वप्निलची गोष्ट मेंदूच्या अंगानं वाचायची तर त्याच्या चौथ्या क्रमांकांपासून वाचावी. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला; देशाला ऑलिंपिकची जागा मिळाली, त्याला पदक नाही. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तो पुढं होता आणि उभ्या स्थितीतल्या एका खराब गोळीनं घसरून पुन्हा चौथा झाला. एमन्सच्या वाटेवरची लक्षणं होती ही. प्रशिक्षक दीपाली देशपांडे, ज्या स्वतः अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजी करून आल्या होत्या, त्यांच्याबरोबर तो काम करत राहिला.

थ्री पोझिशनची अंतिम फेरी म्हणजे मेंदूला दमवायचाच कार्यक्रम. २०२४ च्या नियमांत गुडघ्यावर पंधरा गोळ्या, मग पालथं पडून पंधरा, मग उभं राहून. प्रत्येक वेळी रायफलचा तोल, जॅकेट, श्वासाची जागा सगळं नव्यानं जुळवायचं आणि तेही घड्याळ चालू असताना, आरडाओरडा करणाऱ्या प्रेक्षकांसमोर. उभ्या स्थितीतल्या दहा गोळ्यांनंतर एकदम दोघं बाद व्हायचे, मग गोळीगणिक एकेक जण, आणि प्रत्येक गोळीनंतर मोठ्या पडद्यावर क्रमवारी हलायची. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर स्वप्निल पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा येऊन अंतिम फेरीत उतरला. गुडघ्यावरच्या आणि पालथ्या गोळ्या संपल्या तेव्हा तो पदकांच्या बाहेर होता. चढला तो उभ्या स्थितीत. म्हणजे हांगझोला जिथं पडला होता नेमक्या त्याच जागी.

सकाळपासून पोटात फक्त काळा चहा होता, छाती जोरात धडधडत होती, असं त्यानं नंतर पत्रकारांना सांगितलं. धडधड थांबवायला तो गेलाच नाही. श्वासावर काम करत राहिला आणि वेगळं काही करायचा मोह टाळला. ४५१.४ गुण, कांस्य. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. चीनचा लिऊ युकुन ४६३.६ गुणांसह पहिला.

आणि दुसरा, ४६१.३ गुणांसह, युक्रेनचा सेर्ही कुलिश. हे नाव भारतीय नेमबाजीला नवं नाही. २०१६ च्या रिओमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत तिसऱ्या जागेसाठी बिंद्रा आणि कुलिश १६३.८ गुणांवर बरोबरीत आले होते. त्या दिवशी सकाळीच बिंद्राच्या रायफलची साईट पडून तुटली होती; तीही त्यानं निस्तरली होती. इलेक्ट्रोड, खांब, लग्नाचा हॉल, एक सुवर्ण आणि पाचवं ऑलिंपिक एवढी पुंजी घेऊन तो टायब्रेकच्या गोळीला उभा राहिला. त्याला १०.० लागले, कुलिशला १०.५. बिंद्रा चौथा आला आणि निवृत्त झाला. कुलिश रौप्य घेऊन गेला आणि आठ वर्षांनी दुसऱ्या प्रकारात, स्वप्निलच्या एक पायरी वर, पुन्हा रौप्यालाच येऊन थांबला.